आक्षेप क्रमांक चार

जानेवारीतलं लष्कर, सकाळचे पावणेसात.
धुक्यात जयेंद्रगंजचा रस्ता अर्ध्यावरच संपलेला.
रात्री आठपासून पोटात फक्त पाणी,
तेही एका वेळी चार घोटच मावतं माझ्यात.

रामवीर हातमोजे चढवतो.
"माहूरकर मॅडम, मुठ्ठी बाँधिए."
दरवर्षी तोच. दरवर्षी आधी डावा हात, मग उजवा,
मग मनगटाच्या मागची ती निळसर, घाबरट शीर.
एकशे अठरा किलोची होते
तेव्हा शिरा चरबीखाली दडायच्या.
आता दडायला आडोसा उरला नाही,
तरी खोड गेली नाही त्यांची.

पाच नळ्या. जांभळं टोपण, लाल, पिवळी तीन.
मी मोजते.
एकतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात काढली,
लोकांच्या वह्यांतली गळती शोधत:
कुठल्या तहसिलीत पंपघर कागदावरच उभं राहिलं,
कुठल्या ट्रकने एका दिवसात
दोनशे कोसांच्या तीन खेपा केल्या.
स्वतःचं खातं मात्र दोन वर्षं उघडलं नाही.

सर्जननी कागदावर आतडं काढून दाखवलं होतं.
"रस्ता वळवलाय. बायपास."
आग्रा रोडवर बायपास झाला तेव्हा
जुन्या वाटेवरच्या चहावाल्याचं काय झालं, पाहिलंय मी.
लोह, कॅल्शियम, बी-बारा
त्याच वाटेवर दुकान मांडून बसलेले,
आणि गाड्या सगळ्या बाहेरून जायच्या.
"म्हणून गोळ्या. आणि रक्त तपासत राहायचं."
"किती वर्षं?"
"आहेत तितकी."

पहिली दोन वर्षं मी गुणी मुलीसारखी गेले.
मग ब्लाउज आत घेता घेता शिंपी थकला,
लग्नकार्यात लोक ओळखेनात,
आणि मला वाटलं, बरी झाले.
तिसऱ्या वर्षी गेले नाही.
चौथ्याही.

त्या संक्रांतीला बाड्यावर गजक घ्यायला गेले होते.
पायात मुंग्या होत्या, त्या तर रोजच्याच.
गजकवाला म्हणाला, "माताजी, चप्पल?"
मी खाली पाहिलं.
डावी चप्पल चार दुकानं मागे पडली होती
आणि थंडगार फरशीवर टेकलेल्या माझ्या पायाने
मला काहीच कळवलं नव्हतं.

बी-बारा: सत्त्याऐंशी.
दुपारी ताटात सगळं असायचं,
वरण, अंडं, मेथी, वाटीभर दही,
आणि रक्त उपाशी.
सुया घेतल्या, एक दिवसाआड, मग आठवड्याला.
पाय परत आला हळूहळू.
करंगळी नाही आली. ती अजून रजेवर आहे.

आज बाकावर शेजारी एक मुलगी होती,
स्वेटर दोन माप मोठा, नखं कुरतडलेली.
ऑपरेशनला चार महिने.
"काकू, हे कधीपर्यंत करायचं?"
सर्जनचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं.
मी विचारलं, "पायाची बोटं हलवून दाखव बघू."
तिला मी वेडी वाटले असणार.
पण तिने बूट काढला, मोजा काढला,
आणि लॅबच्या थंडीत पाचही बोटं हलवली.
"छान," म्हटलं. "पुढच्या जानेवारीत परत दाखव.
मी इथेच असते."

संध्याकाळी रिपोर्ट आला. चष्मा, लाल पेन्सिल.
आक्षेप एक: ड जीवनसत्त्व, मागील वर्षीचा, प्रलंबित.
दोन आणि तीन: खुलासा समाधानकारक, निकाली.
चार: फेरिटिन, अकरा. नवीन.
हे डोकावून म्हणाले,
"अगं, तुझ्याकडे कोरी पाटी कधीच नसते का?"

आमच्या कार्यालयातही नसायची.
ज्या खात्यात एकही आक्षेप नाही
ते खातं आम्ही पुन्हा उघडून बघायचो.

समासात लिहिलं: लोह वाढवणे, चहा तासाभराने.
तारीख घातली. सही केली.
कोपरातला कापूस अजून तसाच होता,
मध्यभागी मोहरीएवढा ठिपका.